डफडे, ड्रम आणि धुमाल

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आपल्या बँड पथकाविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. पथकाचे छायाचित्र छापावे, मुलामुलींची नावे द्यावीत, मिळालेली पारितोषिके नोंदवावीत, एवढ्यावर काम भागण्यासारखे होते. परंतु इतिहासाच्या शिक्षकास साध्या वस्तूमागेही तिचा काळ दिसू लागतो. कार्यालयाशेजारच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्यात सहा साइड ड्रम, एक मोठा बेस ड्रम, झांजांचे दोन जोड, एक त्रिकोण आणि तीन बिगुल आहेत. या कपाटाची किल्ली कित्येक वर्षे आमच्या ताब्यात होती. ती आम्ही नीट वापरली नाही. हे सांगावे म्हणूनच हा लेख.

आमचे आजोबा वैनगंगेच्या काठच्या एका लहानशा गावात डफडे वाजवीत. 'वाजवीत' हा शब्द येथे पुरेसा नाही. गावात लग्न असो, पोळा असो, देवीची मिरवणूक असो की दवंडी असो, बोलावणे आले की त्यांना जावे लागे. घरात कोणी आजारी आहे, रोवणीचे दिवस आहेत, अंगात ताप आहे, ही कारणे चालत नसत. पावसाळ्यात डफड्याचे कातडे सैल पडे. मग तणसाचा जाळ करून त्यावर ते शेकावे लागे, तेव्हा कोठे त्यातून आवाज निघे. वरात पुढे जाई आणि वाजविणारे मांडवाबाहेर थांबत. पंगती उठल्यावर जे उरे ते त्यांच्या फडक्यात पडे, आणि खळ्यावर हक्काचे म्हणून चार पायल्या धान मिळे. वाजविण्याची मजुरी अशी कधी ठरलीच नव्हती. जे ठरलेले नसते ते मागताही येत नाही.

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि परमपूज्य बाबासाहेब स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले. आमचे वडील त्या वेळी लहान होते. ते सांगत की, त्या प्रचारात आजोबांनी कोणीही न बोलावता डफडे गळ्यात अडकविले आणि शेजारच्या दोन गावांपर्यंत ते वाजवीत गेले. बाबासाहेबांचा त्या निवडणुकीत पराभव झाला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबा नागपूरला दीक्षाभूमीवर होते. परत आल्यावर त्यांनी डफड्याचे कातडे काढून टाकले. लाकडी कडे तेवढे उरले. आजीने त्यावर जाळी बसवून त्याची चाळणी केली आणि पुढे पुष्कळ वर्षे आमच्या घरची कणी तिच्यातून चाळली गेली. आम्ही लहानपणी ती चाळणी हाताळली आहे. कड्यावर काड्यांच्या माराचे वळ तेव्हाही दिसत असत.

हा प्रसंग आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की, वाद्य म्हणजे लाचारी, असा त्याचा अर्थ आमच्या मनात पक्का बसला. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडून स्वाभिमानाने जगण्यास सांगितले होते. गावकीची कामे टाकण्यामागेही तीच प्रेरणा होती. ती कामे टाकणाऱ्यांवर गावोगाव बहिष्कार पडले. त्या पिढीने फार मोठी किंमत देऊन जे खाली ठेवले, ते आपल्या मुलांनी पुन्हा उचलू नये, असे आम्हांस वाटे. त्यात चूक काही नव्हती. चूक पुढे झाली.

आम्ही या विद्यालयात १९९६ साली इतिहासाचे शिक्षक म्हणून रुजू झालो. शारीरिक शिक्षणाचे पद रिकामे असल्याने बँड पथकाची जबाबदारी आमच्याकडे आली. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १४ एप्रिल या दिवशी पथक संचलन करी. साइड ड्रमला आमचा विरोध नव्हता, उलट अभिमान होता. आता विचार केला की या अभिमानाचे नवल वाटते. काठीने चामड्यावर किंवा प्लॅस्टिकच्या पडद्यावर मारणे दोन्हीकडे सारखेच. परंतु ड्रम पलटणीतून आला होता. आमच्या समाजाला पलटणीची स्मृती होती. बाबासाहेबांचे वडील रामजीबाबा सुभेदार होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झालेली आमची लष्करभरती पुढे १९४१ साली महार रेजिमेंटच्या रूपाने पुन्हा सुरू झाली. गणवेशात वाजविला तर तो ड्रम, आणि धोतरावर वाजविले तर ते डफडे, असा भेद आम्ही नकळत मान्य करून बसलो होतो.

शिकविण्याची रीतही पलटणीचीच होती. मिनिटास १२० पावले, डाव्या पायावर बेस ड्रमचा ठोका, साइड ड्रमवर उजवा-डावा-उजवा-डावा. जो चुकेल तो रांगेबाहेर. पहिल्या आठवड्यात ज्यांचे हात चालत त्यांना आम्ही निवडीत असू. बाकीची मुले पुढची पाच वर्षे ते पथक नुसते पाहत. तीनशे मुलांच्या वसतिगृहात पंधरा मुले वाजवितात आणि उरलेली ऐकतात, याला आम्ही संगीत शिक्षण म्हणत होतो.

अशा काळात, साधारण पंधरा वर्षांपूर्वी, लाखांदूर तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी आठवीत दाखल झाला. त्याच्या मामाची धुमाल पार्टी होती. धुमाल म्हणजे काय हे आपल्या भागात कोणास सांगावे लागत नाही. तरी ही स्मरणिका दूरचे वाचकही वाचतील, म्हणून लिहितो. नागपूर, भंडारा, गोंदियापासून छत्तीसगडातील राजनांदगाव, दुर्गपर्यंत लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत हा वाद्यसमूह चालतो. ढोल, ताशे, झांजा, कोंगो, ऑक्टापॅड, सुरासाठी बेंजो किंवा कीबोर्ड आणि हे सारे वाहून नेणारी गाडी. त्यात गाणे असते, पण खरा मान ठेक्याचा. चित्रपटातील गाणे असो की भीमगीत, धुमालवाले आधी त्याचा ठेका उचलतात आणि त्याला आपल्या मातीत आणून सोडतात.

हा मुलगा वर्गात बाकावर बोटे वाजवीत असे. दिवाळीच्या सुटीनंतर आठ-आठ दिवस उशिरा येई, कारण लग्नसराई सुरू झालेली असे. आल्यावर इतिहासाच्या तासाला झोपे. नववीत असताना एकदा आम्ही त्याला उभे केले. त्याच्या दप्तरात ताशाच्या दोन काड्या सापडल्या. त्या आम्ही काढून घेतल्या आणि सर्व वर्गासमोर त्याला म्हणालो, "आमच्या आजोबांनी जे टाकून दिले, ते तू उचलतोस? लाज वाटत नाही?"

तो खाली मान घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "सर, तुमच्या आजोबाले जावाच लागत होता जी. आमी पयले पैसे ठरवतो, मंगच जातो."

वर्ग हसला. आम्हांस तो उद्धटपणा वाटला. काड्या आम्ही बँडच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीवर गेलेला तो मुलगा परत आला नाही. आम्ही पालकांना एक पत्र पाठविले आणि हजेरीपटावरून पुढे त्याचे नाव कमी झाले. निवासी विद्यालयाच्या शिक्षकाने सुटीवरून न परतलेल्या मुलाच्या घरी जावयाचे असते, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही गेलो नाही.

त्याचे वाक्य मात्र गेले नाही. आम्ही बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास शिकवितो. त्या चळवळीत आंबेडकरी जलशांचे स्थान काय होते, हे आम्ही मुलांना दरवर्षी सांगत आलो आहोत. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचीच ढोलकी, तुणतुणे आणि झांज हाती घेतली. गणपतीचे स्तवन आणि गौळण काढून टाकली, तेथे भीमवंदन आणि शिक्षणाचा संदेश आणला. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून ती परंपरा घरोघरी पोहोचविली. या लोकांनी वाद्य फेकले नव्हते. वाद्य कोणासाठी वाजेल, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला होता. आणि आमच्या आजोबांचे काय? १९५४ साली दोन गावे ओलांडून ते न बोलावता वाजवीत गेले, हा प्रसंग आम्ही इतकी वर्षे केवळ निष्ठेची आठवण म्हणून सांगत होतो. आयुष्यात एकदाच त्यांनी स्वतःच्या इच्छेने डफडे वाजविले होते, ही गोष्ट एका नववीतल्या मुलाने ती न ऐकताच आमच्या लक्षात आणून दिली.

बौद्ध विद्यालयात वाद्यांना किती स्थान असावे, हा प्रश्नही त्या सुमारास निघाला. संस्थेतील एका ज्येष्ठ उपासकांचे म्हणणे असे की, नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरत राहण्याचे शील आहे, मग ढोल कशाला? त्यांचे म्हणणे आदराने ऐकण्यासारखे होते. ते शील आहेच. परंतु ते गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात येत नाही. उपोसथाच्या दिवशी घेण्याच्या अष्टशीलात आणि श्रामणेरांच्या दशशीलात येते. तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून एक नियम केला. पौर्णिमेस विद्यालयात कोणतेही वाद्य वाजणार नाही. तो नियम आजही पाळला जातो, आणि महिन्यातील त्या एका शांत सकाळी मुलांना पाखरांचा आवाज ऐकू येतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

पाली साहित्यात ढोल ठिकठिकाणी भेटतो. संयुत्त निकायातील आणि सुत्तात भगवान बुद्धांनी दसारह लोकांच्या आनक नावाच्या नगाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. नगाऱ्यास चीर पडली की ते लोक त्यात एक खुंटी ठोकीत. असे करता करता मूळ नगारा नाहीसा झाला आणि खुंट्यांचा सांगाडा तेवढा उरला. तथागतांनी तो दृष्टांत धम्माच्या गाभ्याविषयी दिला. आम्हांस तो आमच्या शिकविण्याविषयीही खरा वाटतो. सम्राट अशोकाचा चौथा शिलालेख तर आम्ही वर्गात दरवर्षी समजावून देतो. भेरीचा घोष हा धम्माचा घोष झाला, असा त्याचा आशय. भेरी फोडून टाकली, असे अशोक म्हणत नाही. तिच्यावरून काय घोषित व्हावे, ते बदलले, असे म्हणतो. सांचीच्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर स्तूपाची पूजा करणारे लोक कोरले आहेत, त्यांच्या हातांतही वाद्ये आहेत. एम.ए.ला असताना हे सारे आम्ही परीक्षेसाठी वाचले होते.

मग आम्ही मुलांच्या संगीत शिक्षणाविषयी मिळेल ते वाचू लागलो. स्वित्झर्लंडमध्ये एमिल जाक-दालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सांगितले की, लय ही आधी शरीरास कळते, म्हणून मुलाने ती चालून, वळून, उडी मारून शिकावी. जर्मनीत कार्ल ऑर्फ हे १९२४ साली म्युनिकला स्थापन झालेल्या एका शाळेत काम करू लागले. पुढे त्यांनी जी पद्धती घडविली तिच्यात मुले टाळ्या, मांडीवरची थाप, पायांचा ठेका आणि रोजच्या बोलण्यातील शब्द यांपासून सुरुवात करतात, वाद्य नंतर हाती घेतात. त्यात निवड नाही, सर्व मुले सामील. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे गरिबांच्या बालवाड्यांत महाग साधनांऐवजी अंगणातल्या वस्तू वापरल्या, गाणे आणि हालचाल यांना शिक्षणात स्थान दिले. हे वाचून आम्हांस धीर आला. कपाटात ड्रम सहाच होते, पण विद्यालयात हात सहाशे होते.

मराठीच्या तासाला वृत्ते शिकविताना लघूची एक मात्रा, गुरूची दोन, हे मुले शिकतातच. आम्ही त्यांना आपल्या जिल्ह्याच्या सात तालुक्यांची नावे दिली आणि टाळ्यांनी मात्रा मोजावयास सांगितल्या. पवनी चार, तुमसर चार. दोन्ही एकापुढे एक म्हटली की आठ, म्हणजे केरव्याचे आवर्तन. लाखनी पाच, आणि तीही 'ला' दोन, 'खनी' तीन अशी. दोनदा म्हटली की दोन-तीन-दोन-तीन, हा झाला झपताल. लाखांदूर सात. तो सलग म्हणत राहावे आणि टाळी 'दूर' वर द्यावी, म्हणजे तीन-दोन-दोन असा रूपक हाती येतो. भंडारा, साकोली, मोहाडी या तिन्हींच्या मात्रा सहा. दादऱ्याच्याही सहाच, पण दादरा तीन-तीनचा आणि भंडारा दोन-दोन-दोनचा. अर्ध्या वर्गाने 'भंडारा' म्हणावे आणि अर्ध्याने दादऱ्याच्या दोन टाळ्या द्याव्यात, असे केले तेव्हा पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. चौथ्या दिवशी दोन्ही गट न चुकता एका समेवर आले. दुसऱ्याचे ऐकत असताना आपले सोडावयाचे नाही आणि आपले म्हणत असताना दुसऱ्याचे बुडवावयाचे नाही, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आम्हांस इतक्या सहज शिकविता आले नव्हते.

पुढे तेलाचे डबे, बांबूच्या कांड्या, बियांनी भरलेल्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या आल्या. कपाटाचे कुलूप निघाले. मुली पथकात आल्या, आणि बेस ड्रम सध्या नववीतील एक मुलगी वाजविते. गणित आणि विज्ञानाच्या जादा तासांसाठी कलेचा तास कापण्याची सवय सर्वत्र आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण आवश्यक मानले, तरी वेळापत्रकात प्रथम बळी त्याचाच जातो. आम्ही स्वतः तो तास अनेकदा इतिहासासाठी घेतला आहे. आता घेत नाही.

तरीही एक उणीव होती. हातांना सफाई देणारा कोणी नव्हता. करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या एका १४ एप्रिलला भंडाऱ्यातील मिरवणुकीत आम्ही त्या विद्यार्थ्यास पाहिले. तो धुमालच्या गाडीसमोर उभा राहून इतरांना हातांनी इशारे करीत होता. आता तो पार्टीचा प्रमुख होता. त्याने आम्हांस ओळखले आणि 'जय भीम, सर' म्हणाला. गर्दीत एवढेच झाले. आम्ही नंतर त्याचा फोन नंबर शोधून काढला, क्षमा मागितली आणि विद्यालयाच्या मुलांना रविवारी शिकविशील काय, असे विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "सर, मानधन किती देसान?"

आम्ही रक्कम सांगितली. त्याने ती थोडी वाढवून मागितली. संस्थेने मान्य केली आणि प्रत्येक रविवारी पावती घेऊन ती दिली जाते. फुकट येतो म्हणाला असता तर आमचे मन अधिक जड झाले असते.

पहिल्या रविवारी त्याने मुलांना काही वाजवूच दिले नाही. सोळा मात्रा मनात मोजा आणि सतराव्याला सगळ्यांनी एकच टाळी द्या, एवढेच त्याने तासभर करून घेतले. सतराव्या मात्रेवर प्रथम टाळ्यांचा पाऊस पडे, मग हळूहळू तो आटत गेला, आणि शेवटी एकच टाळी ऐकू आली. ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री दहानंतरची बंदी, कानांची काळजी हे विषयही तो मुलांशी बोलतो. त्याच्या स्वतःच्या उजव्या कानाला कमी ऐकू येते. दहावी राहिली याची खंत त्याने आमच्याजवळ बोलून दाखविली नाही, परंतु धुमालमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या एका मुलास तो आमच्यासमोरच म्हणाला, "आंधी दहावी कर. ढोल कुठी पयत नाही." तो मुलगा यंदा दहावीत आहे. आमच्या विद्यार्थ्यासाठी मुक्त विद्यालयाचा अर्ज आम्ही आणून ठेवला आहे. त्याने तो घडी करून खिशात घातला, अजून भरलेला नाही. आम्ही दर रविवारी विचारतो.

त्याच्याकडून घेतलेल्या दोन काड्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. त्या आम्ही त्याला परत दिल्या. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, त्यांचे वजन हातात तोलले आणि लहान मुलांसाठी ठीक आहेत असे म्हणून पाचवीतल्या एका मुलाच्या हाती दिल्या.